पाळी थांबली म्हणजे अंडाशय थांबले, असं नाही

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. वय ३८, दोन मुलं, नोकरी शिक्षिकेची. डाव्या स्तनात ३ सेंटीमीटरची कॅन्सरची गाठ होती, काखेतल्या २ गाठींत आजार पोचला होता. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा, हर-टू निगेटिव्ह म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला कॅन्सर. ऑपरेशन, ८ केमो आणि रेडिएशन, सगळं पार पडलंय. तिसऱ्या केमोपासून पाळी बंद आहे. केमो देणाऱ्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोन अडवणारी गोळी लिहून दिली. पुण्यात दुसरं मत घेतलं, तिथे अंडाशय बंद करणारं इंजेक्शन दर महिन्याला पोटात आणि सोबत लेट्रोझोल ही गोळी असं सांगितलं. जाऊबाईंचं मत वेगळंच: "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल." ताई विचारतात, यातलं सगळ्यात स्ट्राँग कुठलं, आणि आजार परत येणार नाही याची खात्री कशाने मिळेल? रेडिएशन संपून पाच आठवडे झालेत, पण निर्णय होत नाही म्हणून एकही गोळी अजून सुरू केलेली नाही.

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झालेली नसेल आणि दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल, तर तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि लिहून दिलेली टॅमॉक्सिफेन सुरू करा. पुढे इंजेक्शनचं ठरलं, दुसरी गोळी ठरली, तरी टॅमॉक्सिफेनवरून तिकडे वळता येतं. तिच्यामुळे कुठलंही दार बंद होत नाही. दोन मतांच्या मध्ये अडकून रिकाम्या गेलेल्या महिन्यांचा मात्र काहीच उपयोग नसतो.

आता मूळ मुद्दा. "कुठली गोळी स्ट्राँग" असा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो. वीस वर्षं लातुरात हेच काम करतेय, आणि दर वेळी मला आधी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: या बाईचे अंडाशय आत्ता काय करतायत? ते कळल्याशिवाय गोळीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही.

तुमचा कॅन्सर ईआर-पीआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे त्याच्या पेशी इस्ट्रोजनवर, अंडाशयात बनणाऱ्या बायकी हॉर्मोनवर, पोसतात. एसटी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, टॅमॉक्सिफेन तसं करते. पेशीवर इस्ट्रोजनची जी जागा असते तिथे ती आधीच बसते. शरीरात इस्ट्रोजन असतं, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. म्हणून पाळी चालू असो की बंद, टॅमॉक्सिफेन दोन्हीकडे चालते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्यांची रीत वेगळी. त्या इस्ट्रोजन तयार होणंच अडवतात. पाळी कायमची गेलेल्या बाईत इस्ट्रोजन चरबीत आणि इतर ठिकाणी थोडं थोडं पाझरतं, ते पाझरणं या गोळ्या बंद करतात. अंडाशय जिवंत असले तर मात्र गोष्ट उलटते. इस्ट्रोजन कमी पडतंय असं मेंदूला वाटतं, तो अंडाशयाला आणखी जोराने हाका मारतो, आणि विहिरीची मोटर दुप्पट वेगाने सुरू होते. अंडाशय बंद केल्याशिवाय तरुण बाईला नुसती लेट्रोझोल देणं म्हणूनच चूक.

आणि तुमची पाळी बंद असली तरी तुमचे अंडाशय बंद झालेत, असं मी धरणार नाही. केमोने अंडाशय दमतात, झोपतात. चाळिशीच्या आतल्या कितीतरी जणींत सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहून उशिरा ते जागे होतात. टॅमॉक्सिफेन चालू असतानाही पाळी थांबू शकते आणि त्याच वेळी रक्तातलं इस्ट्रोजन भरपूर असू शकतं.

इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. उदगीरकडची ४३ वर्षांची बाई. केमोनंतर १४ महिने पाळी नव्हती, टॅमॉक्सिफेनने पांढरं जायचं म्हणून ती वैतागलेली. रक्ताचा एकच रिपोर्ट बघून मी तिला लेट्रोझोलवर टाकलं, अंडाशयाचं इंजेक्शन न देता. सात महिन्यांनी तिच्या मुलीचा फोन आला. आवाजात आनंद. "मॅडम, आईची पाळी आली परत. आता तब्येत सुधारायली म्हणायचं ना?" मी दुसऱ्या दिवशी बोलावून इस्ट्रॅडिओल, म्हणजे रक्तातलं मुख्य इस्ट्रोजन, तपासलं, ते विशीतल्या मुलीसारखं होतं. ती आजही ठणठणीत येते, पण त्या सात महिन्यांत तिला उपचार मिळत नव्हता. तेव्हापासून पन्नाशीच्या आतल्या, केमो झालेल्या बाईला अंडाशय बंद करण्याची सोय केल्याखेरीज मी ही गोळी लिहीत नाही. लिहिलीच तर इस्ट्रॅडिओल पुन्हा पुन्हा बघते, तेही बारीक पातळी मोजू शकणाऱ्या पद्धतीने. साध्या मशीनवर एवढ्या खालचे आकडे भरवशाचे येत नाहीत.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे आणि बाहेरच्या डॉक्टरांच्या तो चटकन ध्यानात येत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या तिशीच्या आत-बाहेर काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ साली देशभर गाजलं, सरकारने समिती नेमली. त्या बायका आता माझ्याकडे येतात. "पाळी कधी गेली?" विचारलं की सांगतात, "दहा वर्षं झाली मॅडम, पिशवीच काढलीय." फॉर्मवर 'रजोनिवृत्ती' असं टिकमार्क होतं आणि लेट्रोझोल सुरू. पण पिशवी काढताना अंडाशय ठेवले असतील, तर त्या बाईचे अंडाशय तिच्या वयाप्रमाणे बिनबोभाट काम करत असतात. पाळी दिसत नाही, कारण यायला जागाच उरलेली नाही. म्हणून मी जुना डिस्चार्ज कार्ड मागते. नसतोच बहुधा, घर बदललं, पावसात भिजला, दवाखानाच बंद पडला. मग सोनोग्राफी आणि रक्त तपासणं.

यातच जाऊबाईंचं उत्तर आलं. त्यांचा सल्ला मायेचा आहे, पण नेम चुकलाय. गर्भपिशवी काढून स्तनाच्या कॅन्सरवर काहीही फरक पडत नाही. काढायचेच असतील तर अंडाशय, म्हणजे ओव्हरी. बोलीत आपण सगळ्यालाच 'पिशवी' म्हणतो, त्यातून मोठे घोटाळे होतात. ओव्हरी काढून स्तनाचा कॅन्सर मागे हटतो, हे ग्लासगोच्या बीटसन या सर्जननी १८९६ साली लिहून ठेवलंय. इस्ट्रोजन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता.

आता तुम्हाला मिळालेली दोन मतं. दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या बायकांसाठी. ३ हजारांहून अधिक पाळीच्या वयाच्या बायकांवर सॉफ्ट नावाचा अभ्यास झाला. त्यात काहींना नुसती टॅमॉक्सिफेन, काहींना टॅमॉक्सिफेन आणि अंडाशय बंद, काहींना एक्झेमेस्टेन आणि अंडाशय बंद असं दिलं. आठ वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण अनुक्रमे ७८.९, ८३.२ आणि ८५.९ टक्के होतं. पण हे सगळ्यांचं मिळून. ज्यांना केमोची गरजच वाटली नव्हती, म्हणजे बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या आणि छोट्या गाठीच्या बायका, त्यांच्यात नुसत्या टॅमॉक्सिफेनवरही पाच वर्षांनी ९५ टक्क्यांहून अधिक जणी आजाराविना होत्या. त्यांना इंजेक्शन देऊन अंगाच्या वाफा काढण्यात शहाणपण नाही. उलट ३५ वर्षांच्या आतल्या मुलींत पाच वर्षांनी नुसत्या टॅमॉक्सिफेनवर ६७.७ टक्के, टॅमॉक्सिफेनसोबत अंडाशय बंद केल्यावर ७८.९ आणि एक्झेमेस्टेनसोबत ८३.४ टक्के आजारमुक्त. जितकं वय कमी आणि धोका जास्त, तितका अंडाशय बंद करण्याचा फायदा मोठा.

तुम्ही ३८ वर्षांच्या, गाठ ३ सेंटीमीटर, काखेत २ गाठी, केमो झालेली. तुम्ही माझ्यासमोर असता तर अंडाशय बंद करा, असंच मी सांगितलं असतं. त्या बाबतीत मला फारसा संभ्रम नाही.

अंडाशय बंद केल्यावर सोबत टॅमॉक्सिफेन की लेट्रोझोलचा गट, यात मात्र घासाघीस आहे. ७ हजार बायकांचे चार अभ्यास एकत्र मांडले तेव्हा दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण टॅमॉक्सिफेनवर १७.५ टक्के आणि दुसऱ्या गटावर १४.७ टक्के निघालं. शंभरात साधारण तिघींचा फरक. मृत्यूच्या आकड्यांत मात्र फरक दिसला नाही, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटात थोडं जास्त होतं. म्हणून लेट्रोझोल पेलली तर घ्यावी. पेलली नाही आणि टॅमॉक्सिफेनवर परत यावं लागलं, तर ती हार समजू नये. गाठीचा ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा १ ते ३ आकडा, तुम्ही लिहिलेला नाही. ग्रेड ३ असेल तर अ‍ॅबेमासिक्लिब या गोळ्या दोन वर्षं सोबत द्याव्यात का, हेही बोलावं लागेल. महाग आहेत, पण तुमच्या डॉक्टरांना विचारा.

इंजेक्शनबद्दल दोन्हीकडे कुणी नीट समजावलेलं दिसत नाही. गोसेरेलिन म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कांडी, पोटाच्या कातडीखाली जाड सुईने सोडतात. ल्युप्रोलाइड साध्या इंजेक्शनसारखं. मेंदूकडून अंडाशयाला जाणारी हाक ती तोडतात. हे 'महिन्याला' नसतं, २८ दिवसांनी असतं. वर्षाची १३ इंजेक्शनं होतात, १२ नाही. "दर महिन्याच्या पाच तारखेला" असं लक्षात ठेवणाऱ्या बाईचे दर वेळी दोन-तीन दिवस उशिरा होतात, आणि सोबत लेट्रोझोल असली तर तेवढ्यात अंडाशयाला डोळे उघडायला संधी मिळते. गोसेरेलिन २५ अंशांखाली ठेवायचं असतं. मे महिन्यात लातूर-अंबाजोगाई एसटीत मांडीवरच्या पिशवीतून ते नेऊ नका, थर्मासचा डबा घ्या. तीन महिन्यांचं मोठं इंजेक्शनही येतं, पण लेट्रोझोलसोबत तरुण बाईला मी २८ दिवसांचंच देते.

माझ्या बायकांपैकी ज्या ऊसतोडीला जातात त्यांना हे जमत नाही. दसऱ्यानंतर टोळी निघते ती उन्हाळ्यात परत येते, मधली सहा इंजेक्शनं कोण कुठे देणार? अशा वेळी दुर्बिणीतून अंडाशय काढणं सरळ. एकदाच खर्च, एकदाच त्रास, आणि भरवसा पक्का. पण ते परत बसवता येत नाहीत. म्हणून जिला शक्य आहे तिला मी आधी चार-सहा महिने इंजेक्शन देऊन बघते. वाफा, झोप, सांधे, मन, घरातलं नातं, हे सगळं त्या काळात कळतं. निभलं तर मग काढायचे. तुम्ही नोकरीवाल्या, एका जागी राहणाऱ्या, तेव्हा तुम्हाला हा रस्ता मोकळा आहे. पुण्याला दर वेळी जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात उपचाराचा आराखडा एकदा ठरवून घेतला, तर इंजेक्शन टोचून घ्यायला जवळचा ओळखीचा डॉक्टर पुरतो. फुले जनआरोग्य योजनेत त्यातलं काय बसतं हे आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या, ऐनवेळी नको.

अंडाशय काढायचं ठरवण्याआधी एक तपासणी मात्र करून घ्या, बीआरसीए जीनची. या जीनमधल्या दोषाने स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर घराण्यात चालत येतो. ३८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईला ती सांगावी असं माझं मत आहे. दोष निघाला तर अंडाशय आणि नळ्या काढण्याला वेगळंच कारण मिळतं, आणि दुसऱ्या स्तनाचा, तुमच्या बहिणींचा विचारही बदलतो.

आता सहन होण्याचं बोलू, कारण इथेच गाडी अडते. फ्रान्समध्ये टॅमॉक्सिफेन लिहून दिलेल्या पाळीच्या वयाच्या बायकांचं वर्षभराने रक्त तपासलं, तेव्हा १६ टक्के जणींच्या रक्तात ती पुरेशी सापडलीच नाही. त्यातल्या बऱ्याच जणींनी डॉक्टरांना 'घेते' असंच सांगितलं होतं. माझ्याकडेही तेच. "मॅडम, अंगातून वाफा निघायल्यात, गोळी गरम पडायली" असं सांगणारी बाई मला चालते, तिचं काहीतरी करता येतं. गप्प बसून पाकीट कपाटात ठेवणारीची मला काळजी. वाफांवर व्हेनलाफॅक्सिन देता येतं. पण टॅमॉक्सिफेनसोबत पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या मनाच्या गोळ्या नको, त्या टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाला लागू देत नाहीत. लेट्रोझोलवर सकाळी बोटं आखडतात. एक बाई म्हणाली, भाकरी थापताना पहिल्या दोन भाकरी तिच्या मर्जीच्या होतच नाहीत. रोज चालणं, कोमट पाण्यात हात, गोळीची वेळ रात्रीची करणं, तेवढ्यावर नाही भागलं तर त्याच गटातली दुसरी गोळी. तिला एक्झेमेस्टेन मानवली. योनीमार्ग कोरडा पडणं, संबंध नकोसे होणं, हे कुणी बोलत नाही म्हणून मीच विचारते. त्यावर हॉर्मोन नसलेली जेल मिळते. मेडिकलमधून मिळणारं हॉर्मोनचं क्रीम स्वतःच्या मनाने लावू नका.

टॅमॉक्सिफेनवर सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसतं, कधी ओव्हरीत पाण्याची गाठ दिसते. तुमच्या वयात, रक्तस्राव नसेल तर, नुसत्या त्या रिपोर्टवर पिशवी काढायला कुणी सांगितलं तर आधी मला किंवा तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. अवेळी रक्तस्राव झाला तर मात्र थांबू नका. आणि पाळी बंद असली तरी दिवस राहू शकतात, टॅमॉक्सिफेनवर तर बाळाला धोका आहे. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं नसेल तर तांबी बसवा. माला-एन, माला-डी या गोळ्या तुम्हाला चालत नाहीत.

अंडाशय बंद केले की हाडं झिजतात. सुरुवातीला डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि बहुतेकींना सहा महिन्यांनी एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हे हाडं जपणारं इंजेक्शन. ते द्यायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. मिश्री लावत असाल तर ती सोडायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

आता भीती. तुम्ही खात्री मागितलीय. खात्री मी देत नाही, देणाऱ्यापासून सावध राहा. आकडे सांगते. हॉर्मोनच्या कॅन्सरची खोड अशी की तो पाच वर्षांनंतरही डोकं काढू शकतो. ज्यांनी पाच वर्षांनी गोळी थांबवली अशा बायकांचा मोठा हिशेब २०१७ मध्ये छापून आला. तुमच्याएवढी गाठ आणि काखेत १ ते ३ गाठी असलेल्यांत पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान आजार दूर पसरण्याचं प्रमाण २६ टक्के होतं. शंभरातल्या ७४ जणींना तसं झालं नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकींचे उपचार आजच्यापेक्षा जुने होते. मी हा आकडा लपवत नाही, कारण यामुळेच पाच वर्षांनी आपल्याला पुन्हा बसून बोलायचंय. टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षं घेतलेल्या बायकांत पाचव्या ते चौदाव्या वर्षात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १५ वरून १२.२ टक्क्यांवर आले. तेव्हा पाच वर्षं संपताना "सुटले बाई एकदाची" म्हणून पाकीट फेकू नका, तेव्हाच्या तब्येतीवर पुढचं ठरवू.

दर वर्षी पेट स्कॅन करावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. करू नका. लक्षणं नसताना हाडांचे स्कॅन, लिव्हरची सोनोग्राफी वारंवार करून आयुष्य वाढतं का, हे इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांनी १९९४ सालीच तपासलं होतं. वाढलं नाही. तुम्हाला हवी ती तपासणी साधी: पहिली तीन वर्षं ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांचा हात, आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. बाकी दुखण्यांसाठी मी माझ्या बायकांना वहीचं एक पान ठेवायला सांगते. कंबर दुखली की तारीख टाका. जागा तीच, दोन-तीन आठवडे हटत नाही, रात्री झोपेतून उठवते, तर या. काखेत, मानेत, ऑपरेशनच्या खुणेजवळ नवीन गाठ लागली, दम लागू लागला, डोळे पिवळे झाले, डोकेदुखीसोबत उलट्या किंवा झटका आला, तर वही बघत बसू नका, त्याच दिवशी या. देगलूरच्या एका बाईंच्या वहीत पहिल्या वर्षी ४१ नोंदी होत्या, दुसऱ्या वर्षी ९. तिसऱ्या वर्षी वही मुलाने गणितासाठी घेतली म्हणून त्या रिकाम्या हाताने आल्या.

आज करायचं ते एवढंच: टॅमॉक्सिफेनचा फोन. या आठवड्यात ग्रेडचा रिपोर्ट शोधा आणि जीन तपासणीचं विचारा. इंजेक्शन ठरलं की पहिल्याच दिवशी घरातलं कॅलेंडर खाली काढा, २८-२८ दिवस मोजून वर्षाच्या १३ तारखांना गोल करा. दुधाच्या खाडाखोडीत हरवणार नाही अशा लाल पेनाने.